ओवाळणीची पावती

मागच्या दिवाळीत माझ्यावर एक साडी आणायचं काम आलं. बाबांच्या आत्याला, म्हणजे माझ्या आत्याआजीला, भाऊबीजेला द्यायची साडी. एरवी हे खातं आईचं. ती गणपती झाले की सेलमधून चार-पाच साड्या उचलून ठेवते आणि कुठली कुणाला जाणार ते शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नाही. या वेळी मात्र थेट काकाचा फोन आला. "चांगली घे. पाच-सहा हजारांपर्यंत गेलीस तरी चालेल."

आत्याआजीला आमच्याकडून आजवर सहाशेच्या वरची साडी गेलेली नव्हती. मी फोन ठेवून आईकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "सही हवीय त्यांची."

गोष्ट साधी होती. संगमेश्वर तालुक्यात आमचं गावचं घर आहे. त्याच्यामागे थोडी जमीन, काजू, आंब्याची पाच-सहा कलमं. काकाला तिथे होमस्टे काढायचा आहे आणि त्यासाठी बँकेचं कर्ज हवं आहे. बँकेने कागद मागितले. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात आत्याआजीचं नाव निघालं. वकील म्हणाला, त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्या. मग ठरलं की भाऊबीजेला जायचंच आहे, तेव्हाच मसुदा दाखवायचा आणि सुट्ट्या संपल्या की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घ्यायची. "औपचारिकता आहे गं," काका म्हणाला. काका वाईट माणूस नाही. माझ्या कॉलेजची पहिली फी त्यानेच भरली होती.

दादरला मी तीन दुकानं फिरले. शेवटी जांभळ्या रंगाची, मोराच्या पदराची एक साडी घेतली. दुकानदाराने विचारलं, "गिफ्ट पॅक करू?" मी हो म्हटलं आणि मग वाटलं, हे नेमकं काय पॅक करतोय आपण?

*

आमच्या घरात दिवाळीच्या देण्याघेण्याचं एक न लिहिलेलं शास्त्र आहे. तुमच्याही घरात असेल. मोठ्या जावेला दिलेली साडी धाकट्या जावेच्या साडीपेक्षा स्वस्त दिसता कामा नये. पाकिटात पाचशे असतील तर वर एक रुपया हवाच, आणि तो नेमका सापडत नाही म्हणून भाऊबीजेच्या सकाळी सगळं घर नाणं शोधत असतं. सुक्या मेव्याचा डबा उघडायचा नाही, तो पुढे जाणार असतो. एक पोपटी ब्लाउजपीस आमच्या घरून मावशीकडे गेला आणि तीन वर्षांनी तिसऱ्याच नातेवाइकाकडून परत आला. आईने तो ओळखला, कारण त्याच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. तिने तो धुतला, इस्त्री केली आणि पुन्हा मार्गस्थ केला.

याला हसता येतं, पण यात माणसं दुखावतातही. "त्यांनी आपल्याला काय दिलं होतं?" हे वाक्य आमच्याकडे दर दिवाळीला किमान एकदा येतं आणि ते उच्चारताना कुणीच हसत नसतं.

माझा भाऊ बंगळुरूला असतो. गेली चार वर्षं त्याची ओवाळणी गूगल पेवर येते, पाचशे एक रुपये. रकमेबद्दल माझी तक्रार नाही. तो टुंग असा आवाज आला की मला आमची एक जुनी भाऊबीज आठवते. मी नऊ वर्षांची, तो सहा. आईने दिलेले अकरा रुपये तबकात टाकून झाल्यावर त्याने खिशातून स्वतःचं सगळ्यात लाडकं डब्ल्यूडब्ल्यूईचं कार्ड काढलं आणि तेही तबकात ठेवलं. संध्याकाळी तो रडायला लागला आणि मी ते परत केलं. इतकी भारी ओवाळणी मला पुन्हा मिळाली नाही.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांचा भेटीवरचा प्रसिद्ध निबंध 1925 साली आला. भेट दिसायला ऐच्छिक असते, पण देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं तिच्यात असतात, असं त्यांनी त्यात दाखवलं. जगभरच्या उदाहरणांत त्यांनी आपल्या महाभारतातलं अनुशासनपर्वही घेतलं आहे. माझ्या आईने मॉस वाचलेला नाही, पण त्या पोपटी ब्लाउजपीसची सगळी वाटचाल तिला पाठ आहे.

साडीची पिशवी घरी आणली त्या रात्री मी माळ्यावरून आजोबांची ट्रंक काढली. भाऊबीज म्हटलं की त्या ट्रंकेतला एक गठ्ठा मला आठवतो. या वेळी तो नीट बघायचा होता.

*

आजोबा 1952 साली मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. गिरणगावातला कोकणी चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचा. दिवाळीला पुन्हा रजा मिळायची नाही, मिळाली तरी भाड्याचे पैसे नसायचे. त्यामुळे भाऊबीजेला भाऊ जात नसे. त्याची मनीऑर्डर जायची.

भारतात टपालखात्याची मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली. मुंबईत एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, खानावळीत जेवायचे आणि उरलेले पैसे गावी पाठवायचे. कोकणातल्या कित्येक घरांची चूल या पैशांवर पेटत असे, म्हणून त्या सगळ्या व्यवहाराला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असं नावच पडलं. मुंबईत ज्यांना लिहिता येत नसे, त्यांचा फॉर्म पोस्टाबाहेर बसणारे लेखनिक भरून देत.

मनीऑर्डरच्या फॉर्मची रचना तुम्हाला सांगायला हवी, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला नसेल. 2015 साली पोस्टाने जुनी कागदी मनीऑर्डर बंद केली. फॉर्मला दोन तुकडे जोडलेले असत. एक कूपन. त्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळींचा निरोप लिहायचा आणि पैसे घेणाऱ्याने ते कूपन ठेवून घ्यायचं. दुसरा तुकडा पोचपावतीचा. पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा घेऊन तो पाठवणाऱ्याकडे परत यायचा. म्हणजे प्रत्येक ओवाळणीचे दोन पुरावे तयार होत, एक बहिणीकडे, एक भावाकडे.

ट्रंकेत दोऱ्याने बांधलेल्या पोचपावत्या होत्या. सगळ्यात जुनी 1961 सालची, पाच रुपयांची. खाली निळसर शाईतला अंगठा. त्यानंतर दरवर्षी एक. सात रुपये, दहा रुपये, अकरा, पंधरा. सगळ्यांवर अंगठा. मग 1974 च्या पावतीवर अंगठा नाहीच. तिथे पेन्सिलीने कोरल्यासारखी, वेलांट्या उलट्या दिलेली सही आहे. आत्याआजीच्या मुलीने शाळेतून आल्यावर तिला सही शिकवली, हे मला नंतर कळलं. ती सही पुढे वर्षागणिक सरळ होत जाते. 1981 च्या पावतीवर एकवीस रुपये आहेत आणि सही अगदी ठसठशीत आहे.

1982 ची पावती नाही. 1983 ची नाही. 1984 ला पुन्हा आहे, अकरा रुपयांची.

*

आजोबांची ओवाळणी पगारातून जात नसे, ती बोनसमधून जायची. आणि बोनसची गोष्ट मोठी आहे.

मुंबईच्या गिरण्यांना पहिल्या महायुद्धात अमाप नफा झाला. महागाईने कामगार पोळत होते. 1917 पासून मालकांनी पगारावर काही जादा रक्कम द्यायला सुरुवात केली आणि पुढे वर्षाला एक महिन्याच्या पगाराइतका बोनस देण्याची रीत पडली. मग मंदी आली आणि 1923 सालचा बोनस मिळणार नाही असं मालकांनी जाहीर केलं. 1924 च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते आणि संप मार्चपर्यंत चालला.

भांडण एका शब्दाच्या अर्थावर होतं. मालक म्हणत होते, बोनस ही आम्ही खुशीने दिलेली भेट होती; नफा झाला तेव्हा दिली, आता नफा नाही, देणार नाही. कामगार म्हणत होते, ओळीने इतकी वर्षं मिळालं, त्याच्या भरवशावर आम्ही देणी ठरवली, ते आता आमचं आहे. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला की कामगारांचा बोनसवर कायद्याने, रूढीने किंवा न्यायबुद्धीने बजावता येईल असा कोणताही हक्क सिद्ध होत नाही. भेट ती भेटच, देणाऱ्याच्या मर्जीची.

हे उलटायला चाळीस वर्षं लागली. 1950 साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच एका खटल्यात बोनस मोजण्याचं सूत्र घालून दिलं. नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा वगैरे वजा करून जे उरतं, त्यात कामगारांचाही वाटा असतो, असं ते सूत्र होतं. 1965 साली बोनस कायदा आला. किमान चार टक्के किंवा चाळीस रुपये, यांतलं जे जास्त असेल ते द्यायलाच हवं. पुढे ही किमान मर्यादा 8.33 टक्के झाली. आणीबाणीत ती खाली आणली गेली आणि 1977 नंतर पुन्हा वर गेली. हा 8.33 आकडा विचित्र दिसतो, पण बाराने गुणून पाहा. तो एका महिन्याचा पगार आहे. 1924 साली जे मागितलं म्हणून दोन महिने उपाशी राहावं लागलं, तेच कायद्यात टक्केवारी होऊन बसलं.

कायद्यात दिवाळीचं नावही नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा, एवढंच तो सांगतो. पण गिरणगावात बोनस म्हणजे दिवाळी. त्यातून पोरांचे कपडे, उधारी, रव्या-साखरेचं सामान आणि बहिणीची मनीऑर्डर.

1981 च्या दिवाळीत मान्यताप्राप्त युनियनने ठरवलेला बोनस अनेक गिरण्यांच्या कामगारांना पटला नाही. ते दत्ता सामंतांकडे गेले. त्या असंतोषातून 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हा पगार, बदली कामगार अशा कितीतरी मागण्या त्यात आल्या होत्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कुणी मागे घेतला नाही आणि तो संपलाही नाही, नुसता विरत गेला. आजोबांना पुन्हा गिरणीत घेतलं नाही. दीड वर्ष ते मिळेल ते काम करत होते, मग एका इमारतीत वॉचमन झाले.

1984 ची अकरा रुपयांची ओवाळणी वॉचमनच्या पगारातली आहे.

*

बोनसची ही दिशा लक्षात ठेवा. आधी भेट, मग हक्क. घरातल्या ओवाळणीचा प्रवास मी शोधायला लागले, तेव्हा तो नेमका उलटा निघाला.

हिंदू एकत्र कुटुंबाच्या जुन्या कायद्याचा मोठा आधार मिताक्षरा. तो ग्रंथ विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत लिहिला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, आपल्या सीमेपलीकडे लागूनच. त्यानुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच वाटा, मुलीला नाही. मुलीचं पालनपोषण, तिचं लग्न आणि स्त्रीधन. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत भावाने दिलेलं धन हा एक प्रकार आहे. थोडक्यात, जमीन भावाची आणि भावाने दिलेलं ते बहिणीचं. भाऊबीजेची गोष्टही अशीच आहे. यम यमुनेकडे जेवायला जातो आणि तिला हवं ते माग म्हणतो. मागायचं, पण भाऊ दारात आला तरच.

ज्यांना भाऊच नाही, त्यांनी काय करायचं? अशा मुली चंद्राला ओवाळतात. महर्षी कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. त्या संस्थेने भाऊबीजेचा एक निराळाच अर्थ लावला. संस्थेसाठी काम करणाऱ्या बायका दिवाळीत घरोघर जाऊन समाजाकडे भाऊबीज मागू लागल्या आणि देणाऱ्याच्या हातात छापील पावती ठेवू लागल्या. त्या ओवाळणीतून मुली शिकल्या. मला यातली पावती फार आवडते. ओवाळणीचा हिशेब देता येतो आणि त्याने माया कमी होत नाही, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

मिळकतीचा प्रश्न मात्र तसाच होता. डॉ. गो. वि. देशमुख हे मुंबईचे शल्यविशारद मध्यवर्ती विधिमंडळात होते. त्यांच्या प्रयत्नांतून 1937 साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्यात विधवेला जागा मिळाली, मुलीला नाही. मुलीला वाटा देणारं हिंदू कोड बिल डॉ. आंबेडकरांनी संसदेत लावून धरलं. त्याला विरोध करणाऱ्यांचा एक लाडका मुद्दा होता, मुलींना वाटा दिला तर भावाबहिणींचं प्रेम तुटेल. बिल अडकलं आणि 1951 साली आंबेडकरांनी राजीनामा दिला. त्यातलाच एक भाग 1956 साली हिंदू वारसा कायदा म्हणून आला. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात आता मुलीलाही वाटा मिळू लागला, पण जन्मतः मिळणारा हक्क मुलांपुरताच राहिला.

माझे पणजोबा 1969 साली वारले. कायद्याने आत्याआजी त्यांची वारस होती. तलाठ्याने वारसनोंद केली ती आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीने. मुलगे कब्जेदार आणि मुलगी 'इतर हक्क' रकान्यात.

22 जून 1994 पासून महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबात मुलांच्या बरोबरीचा जन्महक्क दिला, पण त्या दिवसाच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. आत्याआजीच्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते यावर पुढे वर्षानुवर्षं खटले चालले. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही.

एवढा कायदा झाला आणि त्याच्या जोडीने हक्कसोडपत्रंही होत राहिली. जमीन विकायची निघाली, कर्ज काढायचं झालं, की बहिणीला बोलावणं जातं. तिने सही केली तर ती 'समजूतदार'. नाही केली तर माहेर बंद. दिवाळीची साडी, बाळंतपण, नवऱ्याशी भांडण झालं तर चार दिवस राहायला एक दार, हे सगळं त्या सहीवर अवलंबून असतं. त्या रकान्यातलं नाव कमी होतं आणि त्या बदल्यात ओवाळणी चालू राहते. गिरणीत भेटीचा हक्क झाला. घरात आपण हक्काची भेट केली. 1924 साली मालक जे बोलत होते तेच आपण बहिणींना सांगतो, देतोय ना खुशीने, मागतेस कशाला?

हे सगळं वाचून झाल्यावर मला ती जांभळी साडी बघवेना. माझंही नाव उद्या बाबांच्या मागे कुठल्यातरी रकान्यात लागणार आहे. गूगल पेवर टुंग असा आवाज करणारा माझा भाऊ एक दिवस असाच कागद घेऊन येईल का? आणि आला, तर मी समजूतदार होईन का?

*

भाऊबीजेला आम्ही सगळे लांज्याजवळ तिच्या घरी गेलो. काका, बाबा, आई, मी. आत्याआजी आता चौऱ्यांशी वर्षांची आहे. तिने पाट मांडून ठेवले होते, पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता आणि ओवाळायला तिची झिजलेली अंगठी. तिचे दोन्ही भाऊ गेले. आता ती भाच्यांना ओवाळते.

चहा झाला आणि ओवाळण्याआधीच काकाने फाइल काढली. बहुधा नंतर धीर झाला नसता. "आत्या, हे जरा बघ. घराचं काम आहे."

मी मधे पडले. काय करतेय ते मलाही नीट कळत नव्हतं. पर्समधून मी पावत्यांचा गठ्ठा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिने एकेक उलटून पाहिली. अंगठ्यांवरून बोट फिरवलं. 1974 च्या पावतीशी थांबून हसली. मग उठली आणि आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात कूपनं होती. सगळी. प्रत्येकावर आजोबांच्या बारीक अक्षरातली एक ओळ. 'पाऊस बरा झाला का.' 'सोन्याचा ताप उतरला का.' 'यंदा यायला जमत नाही, रागावू नको.' साठ वर्षांपूर्वी फाटून वेगळे झालेले तुकडे त्या पाटावर पहिल्यांदा समोरासमोर आले. बाबा कडा जुळवून बघत होते.

"ब्याऐंशीचं नाही तुझ्याकडे," मी म्हटलं.

"त्या साली त्यानं नाही, मी पाठवलं," ती म्हणाली. "तांदळाची गोण. मुंबईला जाणाऱ्या माणसाबरोबर. त्र्याऐंशीलाही. सासूला न सांगता." मग काकाकडे बघून म्हणाली, "त्याची पावती कुठाय रे?"

काकाला तो भात आठवत होता. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. तो भात कुणाकडून आला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो गप्प बसला.

मग तिने चष्मा लावला आणि मसुदा वाचायला घेतला. ती सावकाश वाचते, ओठ हलवत. आम्ही सगळे वाट बघत होतो. एका ओळीवर ती अडकली आणि तिने ती मोठ्याने वाचली, "स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय व मोबदल्याशिवाय." कागद खाली ठेवला. साडीच्या खोक्याकडे बघितलं. ते चकचकीत कागदात बांधलेलं होतं, वर सोनेरी फीत.

"मोबदल्याशिवाय," ती पुन्हा म्हणाली. "मग ही एवढी साडी कसली गो बाय?"

प्रश्न मला होता, कारण साडी माझ्या हातात होती. मला उत्तर देता आलं नाही. काकाच शेवटी म्हणाला, "साडी भाऊबीजेची, आत्या."

"बरं. मग आज भाऊबीज होऊ दे. कागद मी नंतर वाचते."

तिने दोघांना ओवाळलं. साडी घेतली, पदर उलगडून मोर बघितला, "फार झगझगीत आहे, पण आवडली," असं म्हणाली. कागदाची घडी करून तिने कूपनांच्या डब्यात ठेवली.

*

तो कागद अजून त्या डब्यातच आहे. घरी परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. काका दोन महिने माझ्याशीही बोलत नव्हता आणि ते मला लागलं. मी काय मिळवलं, एका ऐंशी ओलांडलेल्या बाईला आणि स्वतःच्या काकाला सणाच्या दिवशी अवघडून टाकलं, असंही मनात येऊन गेलं. पण यंदा गणपतीला काका स्वतः गाडी घेऊन लांज्याला गेला आणि आत्याआजीला गावच्या घरी घेऊन आला. ती चार दिवस राहिली. परसात फिरून तिने कलमं मोजली आणि एक कुणी तोडलं ते विचारलं. होमस्टेबद्दल ती म्हणाली की करायचा तर कर, कर्जाच्या कागदावर लागेल तिथे मीही सही करते, पण माझं नाव आहे तिथे राहू दे. बँक याला काय म्हणते ते बघायचंय. काका सध्या दुसऱ्या बँकेत विचारतोय.

भावाशी मी या सगळ्याबद्दल बोलले. फोनवर, तासभर. तो आधी वैतागला, "तुला काय वाटतं, मी असा कागद आणीन?" मी म्हटलं, काकालाही असंच वाटत असणार. मग तो बराच वेळ गप्प होता. शेवटी मी त्याला एवढंच सांगितलं की सातबारा सातबाऱ्याच्या जागी आणि ओवाळणी ओवाळणीच्या. एक दिलं म्हणून दुसरं सुटत नाही. आणि पैसे पाठवशील तेव्हा खाली निरोप लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नकोस. आजोबा सोडत नसत.

यंदाच्या भाऊबीजेला सकाळी टुंग वाजलं. पाचशे एक रुपये. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'माझं कार्ड परत दिलंस ना, त्याचे.'